वाढीचे निरोप, चेतापेशी आणि गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या कॉलेजांतले जीवशास्त्राचे विद्यार्थी. दुसरी, परेलच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात दाखवून रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने परत आलेली आणि रिपोर्टमधल्या 'हर-टू', 'ईजीएफआर' या अक्षरांशी झटापट करणारी घरची मंडळी. दोघांसाठी वेगवेगळं लिहायचं ठरवलं होतं, पण प्रश्न सारखेच निघाले. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचाच, इथं वाचून गोळी बदलू नका.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे ताकदीची पावडर का?

नाही. मेडिकलच्या दुकानात डब्यात मिळतं ते अन्न. ग्रोथ फॅक्टर हे शरीरातल्या पेशींनी बनवलेलं छोटं प्रथिन असतं. एका पेशीनं ते सोडायचं आणि दुसरीनं ते ओळखून काहीतरी करायचं: विभागायचं, जगायचं, फांदी फोडायची, जागा बदलायची किंवा प्रौढ होऊन गप्प बसायचं. त्यात पोषण काहीच नाही, असतो तो निरोप. मात्राही अत्यल्प लागते.

आणि रिसेप्टर?

निरोप घेणारं प्रथिन. ते पेशीच्या पातळ पटलात आरपार रुतलेलं असतं, एक टोक बाहेर आणि दुसरं आत. या लेखात ज्यांचा संबंध येतो ते बहुतेक 'रिसेप्टर टायरोसिन कायनेज' या घराण्यातले आहेत. माणसात असे ५८ आहेत. इन्सुलिनचा रिसेप्टरही याच घराण्यातला.

ग्रोथ फॅक्टर बाहेरच्या टोकाला चिकटला की सहसा दोन रिसेप्टर जवळ येऊन जोडी करतात. मग त्यांची आतली टोकं एकमेकांवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. त्या फॉस्फेटवर आतली दुसरी प्रथिनं येऊन बसतात आणि साखळी सुरू होते: रास, राफ, मेक, अर्क. शेवटचा अर्क केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतो. दुसरी वाट पीआय-३ कायनेज आणि एकेटीची, जी मुख्यतः 'मरू नकोस' असं सांगते. विद्यार्थ्यांनो, परीक्षेला बाण काढून ही साखळी पाठ करता ते ठीक. पण पुढच्या प्रश्नांतली गंमत बाणांत नाही.

चेतापेशी आणि गाठ यांचा एकत्र विचार का करायचा? एक तर विभागतच नाही, दुसरी थांबतच नाही.

कारण हा विषय जन्मालाच आला एका गाठीतून. १९४८ मध्ये एल्मर ब्यूकर या संशोधकानं उंदराची 'सार्कोमा १८०' ही गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली. जवळच्या संवेदी चेतापेशींचे तंतू त्या गाठीत शिरले आणि चेतापेशींचे ते पुंजकेही फुगले. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या हे नजरेस पडलं. त्या इटलीतल्या तुरिनच्या, ज्यू. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा झोपायच्या खोलीत कोंबडीची अंडी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन त्यांनी गर्भातल्या चेतापेशींवर काम चालू ठेवलं होतं. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या.

त्यांनी ब्यूकरचा प्रयोग पुन्हा केला, मग गाठ गर्भाला चिकटवायच्या ऐवजी अंड्यातल्या, पण गर्भाबाहेरच्या पटलावर ठेवली. मध्ये थेट संपर्क नाही, तरी गर्भातल्या चेतापेशी फोफावल्या. म्हणजे गाठ काहीतरी सोडत होती आणि ते रक्तातून पोचत होतं. १९५२ मध्ये गाठी असलेले उंदीर विमानातून बरोबर घेऊन त्या रिओ दि जानेरोला हेर्था मायर यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथं काचेच्या बशीत चेतापेशींचा पुंजका गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवला, आणि पुंजक्याभोवती तंतूंचं दाट तेजोवलय उमटलं. तो पदार्थ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. त्यांचे सहकारी, जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं. त्या १०३ वर्षं जगल्या.

विद्यार्थी हा इतिहास 'नंतर वाचू' म्हणून सोडतात. सोडू नका. गाठीनं बनवलेलं प्रथिन चेतापेशी ओळखते, याचा अर्थ दोघींकडे एकच यंत्रणा आहे.

सापाच्या विषाचा याच्याशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि कातळसड्यावर फुरशांच्या शेजारी राहणाऱ्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. कोहेन यांना गाठीतला सक्रिय पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिक आम्ल, हे तपासायचं होतं. न्यूक्लिक आम्ल तोडणारं विकर (एन्झाइम) सापाच्या विषात असतं, म्हणून त्यांनी ते मिसळलं. परिणाम कमी होण्याऐवजी प्रचंड वाढला, कारण विषातच गाठीपेक्षा कितीतरी जास्त एनजीएफ होता. विषग्रंथी ही लाळग्रंथीचीच बदललेली आवृत्ती, म्हणून त्यांनी उंदराची लाळग्रंथी तपासली. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत एनजीएफचा मोठा साठाच सापडला.

त्याच ग्रंथीतून काढलेल्या द्रवानं नवजात उंदरांचे डोळे नेहमीपेक्षा आधी उघडले आणि दातही लवकर आले. एनजीएफनं असं होत नाही. म्हणून शोधल्यावर हाती लागला तो एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. आज फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये जे 'ईजीएफआर' दिसतं, तो याचाच रिसेप्टर.

नाग आणि घोणस यांच्या विषातही एनजीएफ आढळतो. म्हणून विष 'नसांना चांगलं' असा अर्थ कोणी काढू नये. साप चावला तर गावठी उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं.

पायाच्या बोटातला निरोप पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो कसा?

मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. बोटाच्या त्वचेतली संवेदना घेणाऱ्या चेतापेशीचं शरीर कण्याशेजारच्या गुच्छात असतं आणि तिचा तंतू पायाच्या टोकापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब. त्वचा थोडासाच एनजीएफ बनवते. तंतूच्या टोकावरचा ट्रक-ए हा रिसेप्टर तो पकडतो, आणि दोघंही पटलाच्या एका छोट्या पिशवीत आत ओढले जातात. डायनीन नावाचं मोटर-प्रथिन ती पिशवी सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून पेशीशरीराकडे ओढतं. वेग सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर धरला तर मीटरभर प्रवासाला अकरा-बारा दिवस होतात. वाटेत रिसेप्टर चालूच राहतो.

गर्भात गरजेपेक्षा जास्त चेतापेशी तयार होतात. ज्यांच्यापर्यंत पुरेसा निरोप पोचतो त्या जगतात. बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास पेशी ठरवून मरतात. गाठीत बरोबर हीच अट मोडलेली असते: निरोप आलाच नाही तरी पेशी मरत नाही.

एकाच साखळीतून एकीला 'विभाग' आणि दुसरीला 'थांब, फांद्या काढ' असे उलट हुकूम कसे मिळतात?

पीसी-१२ या पेशी पाहा. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीपासून १९७६ मध्ये ग्रीन आणि टिशलर यांनी त्या वाढवल्या. त्यांना ईजीएफ दिला तर त्या विभागतात. एनजीएफ दिला तर काही दिवसांत विभागणं थांबवून लांब तंतू काढतात आणि चेतापेशीसारख्या दिसू लागतात. पेशी तीच, आतली रास-राफ-मेक-अर्क साखळीही तीच.

फरक आहे वेळेचा. ईजीएफनं अर्क पटकन चढतो आणि थोड्याच वेळात उतरतो. एनजीएफनं तो तासन् तास चढलेला राहतो, आणि तेव्हाच वेगळी जनुकं टिकून चालू होतात. रात्री मच्छीमारीला गेलेला तांडेल दीपगृह ओळखतो ते प्रकाशाच्या रंगावरून नव्हे, झोत किती सेकंदांनी आणि किती वेळ येतो त्यावरून. पेशीही तसंच वाचते. म्हणून 'अमुक ग्रोथ फॅक्टर कॅन्सर करतो' असं वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठल्या पेशीत, कुठल्या रिसेप्टरवर, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मग गाठीत नेमकं बिघडतं काय?

वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात, आणि औषध त्यावरच ठरतं. कधी रिसेप्टरचं जनुक पुनःपुन्हा छापलं जाऊन पटलावर रिसेप्टरांची गर्दी होते. गर्दीत ते निरोपाशिवायच जोड्या करतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये १५ ते २० टक्के स्त्रियांत हर-टू या रिसेप्टरचं असं होतं. गंमत म्हणजे हर-टूचा स्वतःचा ग्रोथ फॅक्टर आजवर सापडलेला नाही. तो आपल्या घराण्यातल्या भावंड-रिसेप्टरांशी जोडी करून काम करतो. त्याचं जनुक पहिल्यांदा लक्षात आलं तेही उंदराच्या चेतासंस्थेतल्या गाठींमध्ये.

कधी जनुकात छोटा बदल होऊन रिसेप्टर कायमचा चालू स्थितीत अडकतो. ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात ईजीएफआरच्या जनुकातल्या एक्सॉन १९ या भागामधला तुकडा गळणं किंवा एक्सॉन २१ मधला 'एल८५८आर' हा बदल, हे नेहमीचे. धूम्रपान न केलेल्या स्त्रियांतही हे दिसतं, तेव्हा 'आमची आई विडीला शिवली नाही, रिपोर्ट चुकला असेल' असं गृहीत धरू नका.

कधी रिसेप्टरचं आतलं टोक दुसऱ्याच जनुकाला चिकटतं. ट्रक-एचा शोध असाच लागला: १९८६ मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठीतलं एक जोडलेलं जनुक म्हणून. तो एनजीएफचा रिसेप्टर आहे हे १९९१ मध्ये कळलं. कॅन्सरचं जनुक म्हणून आधी ओळख झाली आणि चेतापेशीतलं खरं काम मागाहून समजलं. आणि कधी रिसेप्टर ठीक असतो, बिघाड खाली रासमध्ये असतो. तेव्हा वरचा रिसेप्टर बंद करून उपयोग होत नाही, म्हणूनच आतड्याच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआरविरोधी इंजेक्शनाआधी रासची तपासणी करतात.

रिपोर्टमध्ये हर-टू '२ प्लस' आलं. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

अजून ठरलेलं नाही. गाठीच्या पेशींवर हर-टू किती दिसतो याचा हा आकडा. ० आणि १ प्लस निगेटिव्ह, ३ प्लस पॉझिटिव्ह, २ प्लस म्हणजे फिश नावाची, जनुकाच्या प्रती मोजणारी पुढची तपासणी करा. ती टाळू नका. ट्रास्टुझुमॅब हे हर-टूविरोधी इंजेक्शन अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झालं आणि २०१४ पासून भारतात त्याचं देशी रूप मिळतं, त्यामुळे उत्तराला व्यवहारात किंमत आहे. शिवाय पसरलेल्या आजारात, १ प्लस किंवा फिश-निगेटिव्ह २ प्लस असलेल्या काही रुग्णांनाही ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनचा, म्हणजे केमोचं औषध जोडलेल्या ट्रास्टुझुमॅबचा, फायदा होतो, हे २०२२ मध्ये दिसलं. म्हणून 'निगेटिव्ह' शब्दाबरोबर आकडाही जपून ठेवा.

लहान मुलांतल्या न्यूरोब्लास्टोमाबद्दल डॉक्टर 'कधी आपोआप जातो' म्हणाले. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, पण सगळ्यांत नाही. ही गाठ अर्धवट घडलेल्या चेतापेशींची. १९९३ च्या सुमारास दिसून आलं की ज्या गाठींत ट्रक-ए भरपूर असतो त्या मुलांचं भवितव्य बरंच चांगलं. अशा पेशींना एनजीएफ मिळाला तर त्या प्रौढ होऊ शकतात आणि तो मिळेनासा झाला तर मरतात, म्हणजे मूळच्या चेतापेशीसारख्याच वागतात. काही तान्ह्या बाळांत पसरलेली गाठही विरघळते. उलट, ट्रक-बी हा ट्रक-एचा भाऊ-रिसेप्टर आणि त्याचा निरोप, म्हणजे बीडीएनएफ हा ग्रोथ फॅक्टर, दोन्ही स्वतःच बनवणाऱ्या गाठी आक्रमक असतात. त्या स्वतःलाच निरोप देत बसतात. कुठल्या बाळावर नुसती नजर ठेवायची हे वय, टप्पा आणि गाठीचं जनुकीय चित्र पाहून ठरतं, घरी नाही.

रिसेप्टर बंद करणाऱ्या गोळ्यांनी तोंडावर पुरळ, जुलाब, चक्कर का येते? गोळी तर 'फक्त गाठीवर' असते ना?

गोळी रिसेप्टरवर असते, आणि तो रिसेप्टर निरोगी शरीरातही कामावर असतो. दुष्परिणामांची यादी म्हणजे तो कुठं कुठं काम करतो याचा नकाशाच. ईजीएफआर त्वचेत आणि आतड्याच्या अस्तरात आहे, म्हणून पुरळ आणि जुलाब. हर-टू हृदयाच्या स्नायूला ताणात सांभाळतो, म्हणून ट्रास्टुझुमॅब चालू असताना ठरावीक काळानं इको. ट्रकविरोधी लॅरोट्रेक्टिनिब घेणाऱ्यांना चक्कर येते आणि वजन वाढतं, कारण मेंदूत ट्रक-बी भूक आणि तोल यांच्याशी जोडलेला आहे. गोळी थांबवल्यावर काहींना अंग दुखतं.

पुरळ आला की आपल्याकडे चेहऱ्याला लिंबू-हळद फासतात. नको. दुपारच्या उन्हात, वाळूत बसणं टाळा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. जुलाबात मीठ घातलेली पेज चांगली, पण दिवसात चार-पाचपेक्षा जास्त वेळा जावं लागलं तर फोन करा.

गणपतीत पपनस खाल्लं तर चालेल?

माटवीला बांधलेलं पपनस विसर्जनानंतर घरोघरी सोललं जातं, म्हणून हे लिहावंच लागतं. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं फळ. त्यातली काही द्रव्यं औषध मोडणारं यकृत-आतड्यातलं विकर अडवतात, आणि ती पपनसातही असतात. लॅपाटिनिब, लॅरोट्रेक्टिनिब यांसारख्या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगतात, म्हणून पपनसही टाळा. तवशी, केळी, नारळ यांना हरकत नाही. गेफिटिनिब ही ईजीएफआरविरोधी गोळी घेणाऱ्यांनी ॲसिडिटीची गोळी मनानं घेऊ नये, ती शोषण कमी करते.

औषधानं वर्षभर गाठ लहान होती, मग पुन्हा वाढली. औषध नकली होतं का?

बहुधा नाही. लाखो पेशींत एखादीत असा बदल असतो की गोळी बसतच नाही, आणि बाकीच्या मेल्यावर तिलाच मोकळं रान मिळतं. गेफिटिनिबसारख्या पहिल्या पिढीच्या गोळ्यांनंतर निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत 'टी७९०एम' हा बदल सापडतो. त्यावर चालणारं ओसिमर्टिनिब २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आता पुष्कळदा तेच आधी देतात. त्यालाही गाठ वाट काढते, कधी मेट नावाचा दुसराच रिसेप्टर वाढवून. म्हणून पुन्हा वाढल्यावर पुन्हा तपासणी.

'पेरिन्यूरल इन्व्हेजन' म्हणजे काय?

कॅन्सरच्या पेशी चेतातंतूच्या आवरणाभोवती आणि त्याच्या वाटेनं सरकल्या आहेत. मशेरी, तंबाखू, सुपारीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे बरेच, आणि हा शब्द त्यांच्या रिपोर्टमध्ये वारंवार दिसतो. इथं निरोप दोन्ही दिशांनी चालतात: गाठ एनजीएफसारखी प्रथिनं सोडून तंतूंना बोलावते आणि तंतू गाठीला वाढीचे निरोप देतात. २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की प्रोस्टेटकडे जाणारे तंतू काढले की तिथली गाठ कमी वाढते. रुग्णाच्या दृष्टीनं याचा अर्थ, शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यावं का याचा विचार होतो. ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल तर ते आवर्जून सांगा, 'दात काढल्यामुळे असेल' म्हणून सोडू नका.

मेंदूच्या गाठीत ईजीएफआर वाढलेला असतो, मग तीच गोळी का देत नाहीत?

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरमध्ये साधारण ४० टक्के गाठींत तो वाढलेला असतो. पण बऱ्याच गोळ्या रक्तातून मेंदूत पुरेशा शिरत नाहीत, रिसेप्टरमधला बदल फुप्फुसातल्यासारखा नसतो, आणि एकाच गाठीत शेजारच्या पेशी वेगवेगळ्या रिसेप्टरांवर चालतात. त्यात २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: चेतापेशी या गाठीच्या पेशींशी चक्क सायनॅप्स, म्हणजे निरोप देण्याचे सांधे, जोडतात. निव्वळ एक रिसेप्टर बंद करून भागेल असं मला तरी वाटत नाही.

केमोनंतर हातापायाला मुंग्या येतात. नसांची गोळी घेऊ?

पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सूक्ष्मनलिका गोठवतं. विभागणारी पेशी त्यामुळे अडते, पण वर सांगितलेली निरोपाची पिशवी ज्या रुळांवरून जाते ते हेच. सर्वांत लांब तंतूंना आधी झळ बसते, म्हणून पायाची आणि हाताची बोटं. पुढचा डोस घेण्याआधी सांगा, कारण डोस बदलता येतो. मनानं 'नर्व्ह टॉनिक' घेऊ नका. त्यातल्या काहींत असलेल्या ॲसिटिल-एल-कार्निटिननं त्रास वाढल्याचं २०१३ च्या चाचणीत दिसलं. दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिन या गोळीचा विचार डॉक्टर करतात. खडकावर कालवं काढायला, जाळं ओढायला अनवाणी जाऊ नका. बधिर पायाला शिंपलं कापलेलं कळत नाही. विळीवर नारळ खवतानाही तेच.

एनजीएफ बंद केला तर गुडघेदुखी जाईल का?

दुखणं कमी होतं, हे खरं. ट्रक-ए जन्मतः बिघडलेल्या मुलांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. कोकणातल्या मे महिन्यात घामाशिवाय राहणं काय असेल, कल्पना करा. १९९६ मध्ये या आजाराचं कारण सापडल्यावर एनजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांना जोर आला. त्यातल्या टॅनेझुमॅबनं सांधेदुखी कमी केली, पण काहींचे सांधे झपाट्यानं झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार मंडळानं त्याच्या मान्यतेला जवळजवळ एकमतानं विरोध केला.

स्मरणशक्तीसाठी बीडीएनएफ वाढवणारी कॅप्सूल?

प्रथिन तोंडानं घेतलं तर माशाच्या तुकड्यासारखंच पचतं. स्मृतिभ्रंशात एनजीएफ थेट मेंदूत सोडून स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात पाहिलं, तर रुग्णांना पाठदुखी आणि वजन घटणं. चालण्यानं बीडीएनएफ वाढतो असं दिसतं, आणि पुळणीवर चालायला पैसे पडत नाहीत.

साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल?

नाही. रक्तातली साखर शरीर राखतंच. मधुमेह असेल तर तो मात्र काटेकोर सांभाळा.

एनटीआरके तपासणी सगळ्यांनी करावी का?

एनटीआरके ही ट्रक रिसेप्टरांची जनुकं, आणि ती दुसऱ्या जनुकाला चिकटली आहेत का हे ही तपासणी पाहते. नेहमीच्या कॅन्सरमध्ये हा जोड एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो. सिक्रीटरी कार्सिनोमा किंवा तान्ह्या बाळांतला फायब्रोसार्कोमा अशा दुर्मीळ प्रकारांत मात्र तो बहुतेकांत सापडतो. त्यावरचं लॅरोट्रेक्टिनिब २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि ते कुठल्या अवयवात गाठ आहे हे न पाहता, जोड पाहून दिलं जातं. तपासणी आणि औषध दोन्ही महाग. दुर्मीळ प्रकार असेल किंवा नेहमीचे उपचार संपत आले असतील तर डॉक्टरांना विचारा.

मुंबईला जाताना काय न्यायचं?

फक्त कागद नको. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, आणि स्लाइड ज्या प्रयोगशाळेत आहेत तिथून सही करून घ्या. रिसेप्टरच्या तपासण्या त्याच्यावरच होतात, आणि तो नसेल तर परेल किंवा खारघरला पोचून पुन्हा सुई टोचून घ्यावी लागू शकते. ब्लॉक उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण वितळतं. चालू गोळ्यांची पाकिटं, आधीच्या सीटी स्कॅनच्या सीडी आणि रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर असू द्या. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तपासणीचे पैसे भरण्याच्या आधी विचारा.